पांढरझरीचा पाचवा टप्पा

१८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

आले एकदाची. हिंगणघाटहून वर्धा, वर्ध्याहून आंजीची बस, आणि आंजीपासून पुढे मुकेशदादांच्या मालवाहू गाडीत रिकाम्या कॅरेटांच्या मधोमध. नकाशावर पांढरझरी तलाव अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. बांधावर चढले तर समोर पाणीच पाणी. वाऱ्याने काठावर चक्क लाटा येत होत्या. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही म्हणून कुणी वाईट वाटून घेऊ नये.

काम सोपं आहे. थंडीत आलेले पक्षी आता उत्तरेला परत निघतील. कुठली जात कोणत्या तारखेला गेली, किती राहिले, हे मोजायचं. नागपूरच्या संस्थेने चार किलोमीटर काठाचे पाच टप्पे पाडून दिलेत. सूर्योदयापासून नऊपर्यंत आणि दुपारी चार ते साडेसहा. एप्रिलअखेरपर्यंत मोजलं की अनुभवाचं पत्र मिळेल. एमएस्सी होऊन चार वर्षं झाली, एवढं पत्र तरी पाहिजेच.

राहायला पाटबंधारे खात्याची जुनी चौकी. एक खोली, लोखंडी पलंग, गॅसची छोटी शेगडी. शेजारच्या खोलीत बाबाराव राहतात. पूर्वी तलावाचं गेट उघडायचं काम करायचे. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण खोली कुणी मागितली नाही म्हणून राहिले. मला पाहून म्हणाले, “जय भीम बेटा. मोजाले आली का? मोज बाप्पा. सारेच जातेत.”

आजची मोजणी: पट्टकदंब हंस २१२, चक्रवाक ६४, तलवार बदकं साडेतीनशेच्या वर. शेवटी हात दुखला, पण मन भरलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आता दिवसाला आकार आलाय. पहाटे चहा, स्कोप म्हणजे तिपाईवरची दुर्बीण खांद्यावर, पहिल्या टप्प्यापासून चालायला सुरुवात. बाबारावकाका त्यांच्या पडवीत जाळं दुरुस्त करत बसलेले असतात. स्वतः मासे फारसे खात नाहीत, पण दोन माणसांचे पकडतात, आणि एका माणसाचे माझ्या दारात ठेवून जातात. विचारलं तर म्हणतात, सवय हाय.

काठाचा पळस पेटलाय. पाणी रोज वीतभर मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर मुकेशदादा आणि त्यांच्या बायको वर्षालीताई यांची टरबूज-खरबुजांची डांगरवाडी आहे. वेल इतके हिरवे, की डोळे निवतात.

संध्याकाळी हंसांचा पहिला मोठा थवा गेला. एकशे दहा. तलावावर तीन घिरट्या घातल्या, मग ओळ धरली आणि उत्तरेला निघाले. आवाज ऐकू येईना, तरी मी मान वर करून उभीच होते.

फोनला रेंज फक्त बांधावरच्या तिसऱ्या खांबापाशी येते. तिथून आईला हे सांगायला लागले, तर ती म्हणाली की रोशनीला बघायला पाहुणे आलेत, मग बोलू. रोशनी माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. मी बरं म्हटलं. त्यानंतर आईचा फोन आला नाही. तिला तरी माझी रेंज कुठे मिळणार म्हणा.

६ मार्च, गुरुवार

आज गंमत झाली. पाचवा टप्पा म्हणजे पलीकडचा, टेकडीखालचा काठ. तिथे सहसा काही नसतं. आज तिथे एक पक्षी उभा होता. करडा, लांब मानेचा, पाण्यात, माझ्याकडे पाठ करून. करकोचा म्हणावा तर शेपटी तशी नाही. बगळा म्हणावा तर रंग बसत नाही. दोन तास हलला नाही.

वहीत लिहिलं: ‘अनोळखी, १’. संस्थेतल्या सरांना कळवलं. ते म्हणाले, फोटो काढा, नवी नोंद असेल तर तुमच्या नावावर लागेल. माझ्या नावावर. दिवसभर हेच दोन शब्द डोक्यात फिरत राहिले.

१४ मार्च, धुलिवंदन

वर्षालीताई पुरणपोळ्या घेऊन आल्या, दादाही होते. मला वाटलं होतं की पलीकडे उभं आहे ते त्यांचंच बुजगावणं असेल. विचारलं तर हसल्या. तिकडे ना वाडी ना वेल, बुजगावणं काऊन लावू? स्कोपमधून दाखवलं. ताईंना नुसतं पाणी दिसलं. दादांनी बराच वेळ पाहिलं, मग शर्टाच्या टोकाने काच पुसली आणि म्हणाले, “मॅडम, काचेवर काईतरी चिटकलं होतं. आता नाई.”

ते गेल्यावर मी पाहिलं. होता. आहे तिथेच.

फोटो काढले. फोटोत पाणी येतं. आणि पाण्यावर दोन गोल वलयं, पाय बुडालेले असल्यासारखी.

आजची मोजणी: हंस ४०, चक्रवाक १८, तलवार बदकं ७१, अनोळखी १.

२१ मार्च, शुक्रवार

हे नीट लिहिते.

दूरच्या वस्तूचा आकार डोळ्यांना कळत नाही. शेजारी ओळखीचं काही असलं तरच कळतो. आज सकाळी एक शेकाट्या उडत जाऊन त्या अनोळखीच्या पायाशी उतरला. शेकाट्या म्हणजे दीड वीत उंचीचा, लाल काड्यांसारख्या पायांचा पक्षी. तो चरत चरत त्या पायाच्या अगदी बाजूने गेला. पायाच्या पहिल्या सांध्यालाही त्याचं डोकं पोचलं नाही.

मी चार वेळा हिशोब केला. सारस हा आपल्याकडचा सर्वांत उंच पक्षी, माणसाएवढा. हे त्याच्या दीडपट आहे.

वहीत ‘पक्षी’ हा शब्द लिहिला होता तो खोडला. त्या जागी काय लिहायचं ते सुचलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

हंस सगळे गेले. एक राहिला, पंख लोंबणारा. चार दिवस पहिल्या टप्प्यावर, आमच्या अंगणाखालीच बसून होता. थवे डोक्यावरून गेले की मान वर करून ओरडायचा. मी त्याला भिजवलेले हरभरे टाकत होते.

आज दुपारी तो पाण्यात उतरला आणि सरळ पाचव्या टप्प्याकडे पोहत गेला. न थांबता, न चरता. त्या उंच आकृतीच्या पायाशी जाऊन थांबला. मी डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं, तेवढ्यात हंस नव्हता. संध्याकाळी पलीकडे चालत जाऊन सगळा गाळ पाहिला. कोल्ह्याचा माग नाही, पीस नाही, रक्त नाही. हंसाच्या स्वतःच्या पायांचे ठसेही नाहीत. मी तिथे असताना ती आकृती तिथे नव्हती. परत आले, स्कोप लावला, तर होती.

बाबारावकाकांना सांगितलं. ते जाळ्यातून मान न काढता म्हणाले, “दिसलं का तुले. मंग लपवून काय करू. जे मागं राह्यते, त्याले न्याले येते ते. दरसाली येते.”

मी विचारलं, तुम्ही कधी बोलला नाहीत.

“ज्याले दिसत नाई, त्याले काय सांगा? मुकेशले नाई दिसत. त्याच्या घरी सात मानसं हाय.” मग जाळं बाजूला ठेवून म्हणाले, “मुकेशची गाडी हाय तोवर निंगून जा बेटा.”

आणि तुम्ही, असं मी विचारलं. तर ते हसले. त्यांचा मुलगा अश्वजित पुण्याला असतो. दिवाळीत फोन आला होता म्हणे. कुठल्या दिवाळीत ते बोलले नाहीत.

३० मार्च, गुढीपाडवा

डांगर संपलं. मुकेशदादांनी सामान भरलं. वर्षालीताईंनी दोनदा विचारलं, मॅडम, चला आमच्यासंगं. पंप न्यायला दहा तारखेला, गुरुवारी, पुन्हा येतील. मी म्हटलं, तेव्हा येते. चौदा एप्रिलला घरी पोचायचंच आहे. सरांना विचारलं होतं की लवकर निघाले तर चालेल का. ते म्हणाले, एप्रिलची मोजणी नसेल तर पत्र देता येणार नाही. दहापर्यंतची तरी करा.

खरं कारण हे नाही. खरं कारण मला माहीत आहे पण लिहवत नाही.

गाडी बांधावरून उतरली, धूळ बसली. मग इतकं शांत झालं, की शेगडीवरच्या चहाचा आवाज अंगणात येत होता.

३ एप्रिल, गुरुवार

ते चौथ्या टप्प्यावर आलंय.

तलवार बदकं ६. चक्रवाक ०. धोबी पक्षी २.

आज उठल्याबरोबर पक्ष्यांच्या आधी तेच शोधलं. दिसलं तेव्हा बरं वाटलं. हे लिहून ठेवते, कारण नंतर मी नाकबूल करीन. तिसऱ्या खांबापाशी जाऊन तीन जणांना फोन लावला. दोघांनी उचलला नाही. तिसरी म्हणाली, कोण जागृती?

५ एप्रिल, शनिवार

लिहायला हवं. कुणीतरी विचारेल.

सकाळी बाबारावकाका दाढी करून, पांढरा सदरा घालून दारात आले. माशांचं कालवण ठेवलं, त्यांच्या खोलीची किल्ली ठेवली. कुठे जाताय विचारलं तर म्हणाले, “आलोच.”

अकराच्या सुमारास, लख्ख उन्हात, ते चौथ्या टप्प्यावर दिसले. पाण्यात चालत होते. घाई नाही, अडखळणं नाही. एस.टी. लागली आहे आणि आपली जागा धरलेली आहे, तसं माणूस जातं तसे. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. आणि समोर उभं असलेलं ते त्यांच्याकडे तोंड करून वाकलं. आजवर मी त्याची पाठच पाहिली होती.

मी ओरडत धावले. गाळात पाय अडकला, घोट्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं. फोन हातातून पाण्यात गेला. मान वर केली तेव्हा पाणी सपाट होतं.

कालवण अजून कोमट होतं.

६ एप्रिल

पाय मांडीसारखा सुजलाय. दोरीने काठी बांधून रस्त्यावर निघाले. आंजी अकरा किलोमीटर. पहिल्या वळणापर्यंत दोन तास लागले. तिथे चक्कर आली. रस्त्यावर कुणी नाही. या रस्त्याने येणारे मुकेशदादाच होते.

परत आले. गुरुवारपर्यंत थांबायचं. चार दिवस.

बदकं नाहीत. धोबी १.

७ एप्रिल

तिसरा टप्पा.

खिडकीला चादर लावली. चादर असली की ते किती जवळ आलं कळत नाही. नसली की कळतं. चादर काढली.

धोबी ०.

८ एप्रिल

दुसरा. स्कोपची गरज नाही. स्कोपमध्ये मावत नाही —

करडा रंग पिसांचा नाही. ओल्या गाळाचा आहे. वाळलेला नाही कधी.

आईला पत्र लिहायला घेतलं. प्रिय आई, मी इथे मजेत — पुढे लिहिता आलं नाही. तिचा आवाज आठवत बसले. शब्द आठवतात, आवाज नाही.

९ एप्रिल

अंगणाच्या खाली, जिथे मी हरभरे टाकत होते तिथे. पाठमोरं.

दिवसभर तिथेच आहे. ओरडत नाही, हात लावत नाही. इतका वेळ माझ्याजवळ कुणी —

नाही. उद्या गुरुवार. गाडी येईल. मी जाणार आहे. मोठ्याने म्हणून पाहिलं. खोलीत बरं वाटलं. मग बाहेर त्याने मान थोडी वळवली.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी आठ. पिशवी भरली. वही हातात ठेवली, सरांना द्यायची आहे. पायरीवर बसून लिहितेय. इथून बांध दिसतो.

गाडीचा आवाज. दादाच. हॉर्न दिला.

आज काठावर दोघे आहेत. एक ते. त्याच्या बाजूला पांढरा सदरा, कोरडा, कडक इस्त्रीचा. दोघांची तोंडं माझ्याकडे.

दादा बांधावरून हाका मारतायत. मॅडम, अवो मॅडम. मी हात वर केला. ते माझ्याकडेच बघतायत, आणि पुन्हा हाक मारतायत. चौकी सगळी रिकामी दिसल्यासारखं कपाळावर हात धरून —

मी उभी आहे. पाय दुखत नाही. पायाला गार लागतंय. पायरी कधी उतरले —

दादा गाडीकडे वळले.

बाबारावकाका हाका मारत नाहीत. नुसते थांबलेत. किती वेळचे. कुणी माझ्यासाठी असं थांबलं आहे, हे आजवर कधी न