कानशीने घासलेली कवळी

मंगळवार, संध्याकाळ. जबलपूर.

वसंत, माझा धाकटा दीर, गढा मोहल्ल्यातून जेवायला आला होता. हे त्याला तावातावाने काही सुनावत होते, तेवढ्यात यांची खालची कवळी सुटून वरणात पडली. वसंत हसला. "अच्छा, दादा, तुमच्याआधी दातच जेवून राहिले."

यांनी पितळी तांब्या भिरकावला. वसंतची भुवई फुटली, रक्त ताटात गळलं. त्याने यांची गचांडी धरून भिंतीवर आपटलं. मी लाटणं उचलून वसंतच्या मनगटावर हाणलं, तेव्हा कुठे सोडलं. भुवईवर रुमाल दाबून तो निघून गेला.

मग कवळी धुतली. आतल्या बाजूला ओरखडे. टोचते म्हणून यांनी कानशीने घासली! जन्मभर फॅक्टरीत फिटर, डॉक्टर काहून पाहिजे? दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की जबड्याचं हाड झिजलंय, कवळी आतून हिरडीला घट्ट बसली तरच टिकेल. नाहीतर जबड्यात दोन स्क्रू बसवून त्यांवर अडकवू. स्क्रूला हे नाही म्हणाले आणि घरी येऊन घासत बसले. ते ओरखडे डोळ्यांसमोरून जात नाहीत. मला कसं कळलं नाही?

"उद्या स्क्रूचं विचारायला जायचं," मी म्हटलं. "नाहीतर यापुढे तुमचं ताट वेगळ्या खोलीत."

हे मग बोळक्या तोंडाने काही पुटपुटले. परत बोलायला लावलं.

"स्क्रू बसवताना फार दुखतं का?"

"वसंतच्या भुवईला विचारा," मी म्हटलं.