आईचा नवा टाक

लंडन, डिसेंबर २००६

दादूस,
तुला नि वहिनीला नमस्कार. मी बरी हाय, थंडीला सरावले. काल्हेरच्या नव्या बंगल्यात बाबांना करमतं ना?

मी काम करते त्या म्युझियममधे रोमन घोडेस्वाराचं गंजलेलं शिरस्त्राण हाय, तोंडावर चांदीच्या मुलाम्याचा मुखवटा. मूळचं कसं दिसायचं ते कळावं म्हणून आम्ही शेजारी दुसरं घडवतोय. जुन्याला कुणी घासतसुद्धा न्हाय.

अन् तू देव्हाऱ्यातला, आई गेल्यावर तिच्या नावानं बसवलेला चांदीचा टाक सोनाराकडून वितळवून नवा केलास! म्हणे, नाक-डोळे दिसत नव्हते. रोज हळद लावून बाबांच्या अंगठ्यानं झिजले होते ते.

त्या स्वाराचं नावही कुणाला ठाऊक न्हाय, तरी आम्ही त्याचा चेहरा शोधतोय.

बाबा नव्या टाकाला हळद लावतात का, तेवढं खरं कळव.

तुझीच,
पूर्वी