पाव इंचाचा सिद्धान्त

७ नोव्हेंबर १९९४, सोमवार. पेण, रामवाडी.
नथानियल इस्रायलला जाणार हे आता निश्चित. मुलगी लीया तिकडेच आहे. २४ तारखेला रोह्याहून प्रस्थान. चाळीस वर्षे मी दर रविवारी रोह्याला जाऊन त्याच्या परसात छऱ्याची बंदूक उडवली आणि वाद घातला. वादात बहुधा मीच जिंकलो. नेमबाजीची नोंद ठेवलेली नाही.
बंदूक तो नेणार नाही. मागणारे दोघे: मी आणि त्याची शेजारीण काशीबाई, जिला नारळांवरची माकडे हुसकायची आहेत. नथानियलचा निवाडा: २० तारखेला, पन्नास यार्डांवर, तुपाच्या डब्याचे झाकण. पाचपैकी जास्त छर्रे लावील त्याची बंदूक.
मला मोह नाही. तर्कशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकापेक्षा माकडांचा दावा वरचढ ठरू नये, इतकेच.

९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ७.
बंदूक प्रॅक्टिससाठी मजकडे. तिच्यावर दुर्बीण, दुर्बिणीवर चकती. चकती फिरवली की ‘क्लिक’ होते व नेम सरकतो. नथानियलची सोबत चिठ्ठी: ‘एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच.’
वाक्यरचना ढिसाळ. पाव इंच पेणमध्ये जेवढा असतो तेवढाच रोह्यात. ‘शंभर यार्डांवर’ हे पद अनावश्यक. खोडले.

१२ नोव्हेंबर, शनिवार.
विहिरीपासून शेवग्यापर्यंत पंचवीस यार्ड, दोरीने मोजून. शेवग्याला टेकवून शाडूचे पोते; शेजारचा मूर्तिकार महिपती याजकडून उसने.
छर्रा एक इंच खाली. चार क्लिक वर दिले. अनुमान निर्दोष. छर्रा जेमतेम पाव इंच चढला. आणखी चार. आणखी पाव.
शनिवार म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी नथानियल बंदुकीला हात लावत नाही, तिच्याविषयी बोलतही नाही. सबब विचारता आले नाही. ते बरेच. स्वतंत्र संशोधनास शांतता लागते.
दुपारपर्यंत निष्कर्ष: दुर्बीण आळशी आहे, चौथा हिस्साच काम करते. म्हणून इंचाला सोळा क्लिक. एकूण सोळा भरले आणि छर्रा बरोबर मध्यावर! सिद्धान्त सिद्ध.
मालूला समजावून सांगितले. पत्नी असूनही तिने पूर्ण ऐकले नाही. म्हणाली, “अहो, माणूस चाललाय. त्याच्याशी चार शब्द बोलून या. बंदुकीशी कसलं बोलताय?”
विषयांतर.

१५ नोव्हेंबर, मंगळवार.
महिपती कुंपणावरून ओरडला, “सर, माती परत द्या माझी! गणपतीच्या पोटातून शिसं निघालं तर गिऱ्हाइकाला काय सांगू?” पोते परत केले. प्रॅक्टिस समाप्त. तशी गरजही उरली नव्हती.
पन्नास यार्डांवरून एकदा मारून पाहावे, असे क्षणभर वाटले. परंतु तिथे रस्ता आहे आणि रस्त्यावर एस.टी. शिवाय सिद्ध झालेले पुन्हा तपासणे म्हणजे स्वतःवर अविश्वास.

२० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६, परतीच्या एस.टी.त.
नथानियलकडे निरोपाचा मलिदा होता: गोड पोहे, फळे, प्रार्थना. नंतर परसात झाकण टांगले.
प्रथम मी. पहिला छर्रा चार इंच खाली. अपेक्षितच, अंतर जास्त. सोळा चोक चौसष्ट. मोठ्याने मोजून दिले. काशीबाई म्हणाली, “मास्तर, बंदूक हाय ती. घड्याळाला चावी देताव काय?” लोक हसले. दुसरा छर्रा चार इंच वर. चौसष्ट उलटे. खाली. चौसष्ट सुलटे. वर.
नथानियल कानाशी येऊन म्हणाला, “अरे, इथे इंचाला आठच. निम्मे दे!” स्पर्धेत मदत घेणे अनुचित, नाकारली. पाचवा खाली.
मी निवेदन केले की पहिल्या चारांची सरासरी झाकणाच्या नेमक्या मध्यावर येते. पाचवा अपवाद समजावा. नथानियल इतका हसला की त्याला चष्मा पुसावा लागला. मग बराच वेळ पुसतच राहिला.
काशीबाईने दुर्बीण काढायला लावली. पहिला छर्रा खाली. उरलेले चारही झाकणावर. “खाली लागतंय तर वर धरायचं. त्यात इचार कसला?” याला युक्तिवाद म्हणत नाहीत.
बंदूक तिची. म्हणाली, “ती नळी मास्तरांना द्या. माकडं मला तशीच दिसत हायत.”

२४ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४.
रोहा स्टेशनवर वेळेच्या दीड तास आधी पोहोचलो. नथानियलला सांगण्यासाठी मुद्दे कागदावर क्रमाने मांडून नेले होते. तो डब्याच्या दारातून म्हणाला, “पत्र लिही रे. तिकडे माझ्याशी भांडणार कोण?” मुद्द्यांचा कागद खिशातून निघेना.
गाडी दिसेनाशी होईपर्यंत दुर्बिणीतून पाहिली. नंतर बाकावर बसून चिठ्ठीतले खोडलेले पद पुन्हा लिहिले. अंतर वाढते तसे एका क्लिकचे माप वाढते, मान्य. इस्रायलपर्यंत ते किती होईल, हे गणित मांडले. कागद पुरला नाही.
घरी मालूने विचारले, “चार शब्द तरी बोललात ना?”
मी म्हणालो होतो, “बघू. जपून जा.”
मोजून पाहिले. तीन भरले.