आत्याबाई, कुरडई पापडच ठरली!

बजाजनगर

तीर्थस्वरूप आत्याबाई,

काल दुपारी वकीलबाईंचा फोन आला. मी गच्चीवर होते, दोन्ही हात चिकानं बरबटलेले. खांद्यानंच फोन कानाशी दाबला. "जिंकलो!" त्या ओरडल्या. "खंडपीठानं सांगितलं, कुरडई म्हणजे पापडच." मी होते तिथंच बसले. बायका विचारत होत्या, काय झालं, काय झालं, आणि मी नुसतं 'सांगते, सांगते' म्हणत राहिले. कारण सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायचं होतं. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. मग पत्र लिहिण्याशिवाय दुसरं काय करणार?

आता तुम्ही म्हणाल, "त्यात कोर्टानं काय सांगायचं? कुरडई पापडात येती, हे शेंबड्या लेकरालाबी ठावं हाय!" हो आत्याबाई, पण ते कागदावर यायला इतकी वर्षं लागली. मधल्या काळात विक्रीकर गेला, जीएसटी आला. आपली केस मात्र जुन्याच कराची, तशीच पडून.

आणि या सगळ्याचं मूळ कोण? मी!

आठवतं ना? गावाकडचं शेत भाच्यांच्या हवाली करून तुम्ही आमच्याकडे राहायला आलात आणि आठव्याच दिवशी म्हणालात, "रिकामं बसवत नाय बाई." गच्चीवर कुरडया घालायला घेतल्यात. शेजारच्या बायका हळूहळू आल्या. नवरे वाळूजच्या कंपन्यांमध्ये शिफ्टला, आणि यांना घराजवळ काम. तुमचा माल आधी शहागंजातल्या चाचांच्या दुकानात गेला, मग मोठ्या काचेच्या दुकानांत.

तिथं मला शहाणपण सुचलं. बी. कॉम. झालेली सून ना मी! म्हटलं, असल्या दुकानात 'कुरडई' कोण घेणार? पाकिटावर झोकात इंग्रजी अक्षरं छापून घेतली, 'क्रिस्पी स्नॅक्स'. तुम्ही पाकीट उलटंसुलटं करून विचारलंत, "ह्याच्यात कुरडई कुठं लिवलीय गं?" मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्हाला नाही त्यातलं कळायचं."

कुणाला कळत नव्हतं, ते पुढं दिसलंच. कायद्यात पापडाला करमाफी होती, स्नॅक्सला नव्हती. विक्रीकर खात्याची नोटीस आली. पाकिटावर तुम्हीच स्नॅक्स लिहिता आणि माफी पापडाची कशी मागता, असा साधा सरळ सवाल होता. कर आणि दंड भरायचा तर गच्चीवरचं काम कायमचं बंद करावं लागणार होतं. दोन दिवस मला घास गिळवेना. तुम्ही मात्र म्हणालात, "येड्यावानी करू नको. आपण जाऊन सांगू साहेबाला, पापड काय अस्तो ते."

काय थाटात गेला होतात! इरकल नेसून, हातात तळलेल्या कुरडयांचा डबा. साहेब बिचारे भले. "आजी, केस चालू असताना मला हे खाता येत नाही," म्हणाले. तुम्ही झाकण लावलंत. "मग केस संपल्यावर खा."

मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "पापड चपटा असतो, गोल असतो, तो लाटतात. ही तर शेवयांचा गुंता दिसते."

"लाटत नाय, सोऱ्यातून दाबून काढतेत," तुम्ही म्हणालात. "पण वाळवतेत उन्हातच, तळतेत तेलातच, अन् ताटात ठिवतेत पापडाच्याच जागी. ताटातली जागा बगा की साहेब."

साहेबांनी मग हुकमाचं पान टाकलं. "लग्नाच्या यादीत लोक 'पापड-कुरडया' का लिहितात? दोन वेगळ्या वस्तू आहेत, म्हणूनच ना?"

वकीलबाई कागद चाळायला लागल्या. आणि तुम्ही अगदी सहज, भाकरीचं पीठ मळता मळता बोलावं तसं म्हणालात, "साहेब, आपण लेकरंबाळं म्हणतो. मंग लेकरू येगळं अन् बाळ येगळं अस्तंय व्हय?"

कोपऱ्यातला कारकून फिसकन हसला. साहेबांचं पेन थांबलं. वकीलबाई पटकन म्हणाल्या, "हे जसंच्या तसं जबाबात लिहून घ्या."

शेवटचा प्रश्न साहेबांनी मला विचारला. "पाकिटावरचा शब्द कुणी घातला?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही माझा हात दाबलात. "घरातल्यानं घातला म्हंजे म्याच घातला. चुकला आसंल. पण नाव चुकलं म्हणून आतली कुरडई बदलली व्हय?"

आत्याबाई, त्या दिवशी घरी आल्यावर तरी तुम्ही मला रागवायचं होतं! चार शब्द सुनावायचे होते, मला मोकळं वाटलं असतं. रिक्षातून उतरल्या उतरल्या तुम्ही काय म्हणालात? "भिजिवलेल्या गव्हाचं पाणी बदलायचं राह्यलंय, चल." एवढंच! मी तुमची माफी कधी मागितलीच नाही. तुम्ही तशी संधीच दिली नाहीत, की मीच ती शोधली नाही?

तिथं आपण हरलो. वरच्या अपिलातही हरलो. वसुलीला तेवढी स्थगिती मिळाली, म्हणून सोऱ्या चालू राहिला. खंडपीठात जायचं ठरलं तेव्हा शहागंजातल्या चाचांनी शपथपत्र दिलं. मी भीत भीत विचारायला गेले, तर म्हणाले, "पापडच है ना वो! गिऱ्हाईक पापड दिखाओ बोलता, तो मैं कुरडई भी सामने रखता. इसमें डरने का क्या है, बेटी?"

शेवटच्या दिवसांत तुम्ही रोज विचारायचात, "निकाल लागला का गं?" मी रोज म्हणायचे, "लागेल." एकदा तरी होकार ऐकून गेला असतात!

आज वकीलबाई निकालाची प्रत घेऊन घरी आल्या आणि वाचून दाखवली. कोर्ट म्हणतं, खाण्याच्या वस्तूचं नाव कायद्यात आलं तर त्याचा अर्थ पाकिटावरच्या छापील शब्दावरून ठरवायचा नाही. ती वस्तू रोज विकणारी, विकत घेणारी, खाणारी माणसं तिला काय समजतात, ते बघायचं. आणि त्याखाली, पानभर इंग्रजीच्या मधोमध, देवनागरीत तुमचं वाक्य! लेकरंबाळांचं. एक अक्षर बदललेलं नाही, तुमच्या 'व्हय'सकट. पुढं त्याचा इंग्रजी अर्थ, आणि त्याच्याही पुढं तुमचं पूर्ण नाव. अक्षर अक्षर जुळवून वाचणारी माझी सासू, आणि तिचं बोलणं न्यायमूर्तींनी निकालात घेतलं! अभिमानानं ऊर भरून आला, आत्याबाई. रडलेही खूप. बायकांनी ते पान हातोहाती फिरवलं, पानाला चीक लागला, तरी वकीलबाई काही बोलल्या नाहीत.

दुपारी मी छापखान्यात गेले. नव्या पाकिटावर एकच शब्द असेल, मोठ्या ठसठशीत अक्षरात: कुरडई. छापणाऱ्यानं विचारलं, "खाली इंग्रजीत काही टाकायचं का ताई?" म्हटलं, "काही नको. खाणाऱ्याला कळतं."

साहेब आता निवृत्त झालेत, इथंच शहरात राहतात म्हणे. नव्या पाकिटातल्या कुरडया तळून, तुमच्याच डब्यात भरून मी त्यांच्याकडे नेणार आहे. केस संपली, आता खा, म्हणणार आहे. आणि त्यांना हेही सांगणार आहे की तो शब्द माझा होता, माझ्या सासूचा नव्हता. हा माझा तुम्हाला शब्द.

बाकी काय लिहू? गव्हाचं पाणी बदलायचं राहिलंय. उठते.

तुमची सून,
मनीषा