गावच्या जावयाने चाखलेलं पाणी

ठाणे, ऑगस्ट १९८९

तीर्थरूप सासूबाईंना सीतारामचा दंडवत. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा. मामंजींना म्हणावं, कोलंबी मिळाली की जावयाला विसरू नका. इकडे सगळे ठीक, एक माझं पोट सोडून, आणि त्याला कारण तुमचं गाव.

तुमची धाकटी लेक कांता घरोघर आयांना शिकवते ना, की पोराला जुलाब लागले तर तांब्याभर पाण्यात चिमूटभर मीठ, मूठभर साखर घालून घोट घोट पाजा? त्या शिकवणीचा उपयोग झाला का, ते बघायला खात्याने मला धाडलं. (गाव ओळखीचं, काम सोपं, असं साहेब म्हणाले. त्यांना सासुरवाडी नाही.) आईने समोर पाणी करायचं, मी चाखायचं. पहिल्याच घरी भागीरथीकाकू म्हणाल्या, गावच्या जावयाला फिकं कसं देऊ? आणि साखरेचा डबाच उपडा केला. पुढच्या घरी वेलची, त्यापुढे लिंबू, एकीने तर वर खारी बिस्किटंही ठेवली. मी खरं तेच लिहिलं: पाणी पाकासारखं, असं पाजलं तर जुलाब वाढतील. साहेबांनी शेरा मारला, शिकवणी फुकट गेली, बंद करा. आई, ऐन पावसाळ्यात शिकवणी बंद पडली तर लेकरं हातची जातील, हे तुम्हाला मी काय सांगू.

म्हणून परवा न कळवता आलो. रंगूबाईच्या नातवाला खरोखरच जुलाब लागलेले. मी दारात उभा, तर म्हातारी म्हणते, "जावई, उजेड सोडा." ना पाट, ना चहा. मीठ टाकलं, चाखलं, मग साखर, ढवळलं आणि चमच्याने पाजत बसली. मी हळूच थेंब चाखला. डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नाही, अगदी कांताने शिकवलं तसं. (पडताळायला माझे डोळे जवळच होते.) संध्याकाळी पोर पेज मागायला लागलं. कांताचा आणि त्या म्हातारीचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

तुमचा,
सीताराम

ता. क. साहेबांना एका घराचं पटत नाही, गुरुवारी स्वतः येतायत. कृपा करून गावात सगळ्यांना सांगा, त्यांना पाहुणा समजू नका. पाट नको, वेलची नको. कुणी "उजेड सोडा" म्हणालं तर फारच उत्तम.

आणखी एक. ही ओळ शुक्रवारी वाचावी. साहेब बिनलग्नाचे आहेत, आपल्यातलेच आहेत, आणि शिकवणाऱ्या बाई कोण म्हणून दोनदा विचारून गेले.