खुर्चीवरचा ॲप्रन

मॅडम, दुपारी दीड ते दोन वीस तुम्ही कुठं असायचात, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तेव्हापासून तुम्हाला विचारायचे प्रश्न साठत चाललेत. तुम्ही होतात तेव्हा मी कधी काही विचारलं नाही. तुमच्यापुढं उभं राहिलं की मला माझं नावसुद्धा आठवून सांगावं लागायचं. आता तुम्ही रागावू शकत नाही, म्हणून जीभ सुटली आहे म्हणा.

बालरोग विभागातलं माझं एमडीचं दुसरं वर्ष होतं. मुलगी दीड वर्षाची, तापानं फणफणलेली. सासूबाईंचा फोन आला आणि मी दुपारच्या सेमिनारमधून उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी राउंडवर, विभागप्रमुख सरांच्या आणि बारा-पंधरा जणांसमोर, एका बाळाच्या छातीवरचा स्टेथोस्कोप न काढताच तुम्ही म्हणालात, "डॉक्टर, ताप तुमच्याच मुलीला येतो का? ही वॉर्डातली पोरं कोणाची आहेत?" आणि मग तुमचं ते नेहमीचं, "घर चपलेसारखं दाराबाहेर काढून यायचं." मी चादरींच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. मुलीचा ताप दोन दिवसांत उतरला, पण तुमचं वाक्य काही माझ्या डोक्यातून उतरलं नाही.

तुम्ही स्वतः जागेवरून हलत नाही, अशीच आमची समजूत होती. दीड वाजता तुमच्या खोलीत डोकावलं की खुर्चीच्या पाठीवर ॲप्रन, टेबलावर उघडं पुस्तक, त्यावर पेन. म्हणजे मॅडम वॉर्डात. विभागातले शिपाई, चाचा, दाराशी स्टुलावर बसलेले असायचे. "मॅडम इधरिच है बेटा, कायकू ढूंडते? ॲप्रन नई दिखता?" असं ते म्हणाले की आम्ही ॲप्रनचं दर्शन घेऊन परत. मॅडम ॲप्रन न घालताच वॉर्डात कशा गेल्या, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. आणि म्हणे आम्ही निदान करायला शिकत होतो! विभागप्रमुख सर मात्र रोज घरी जाऊन जेवायचे, वामकुक्षी करायचे आणि साडेतीनला उगवायचे. "सर खाना खाने घर गए" हे चाचा येईल त्याला खणखणीत आवाजात सांगायचे. त्यात कोणाला काही वाटायचं नाही. मलाही वाटलं नाही, याचं आज नवल वाटतं.

मग तो बुधवार. बुधवारी धोबी यायचा. तुमच्या खुर्चीवरच्या ॲप्रनच्या बाहीवर औषधाचा गुलाबी डाग पडलेला मला दिसला. तुमची मर्जी परत मिळवायला मी टपलेलीच होते. चाचा चहाला गेले होते, मी ॲप्रन उचलला आणि धोब्याच्या गाठोड्यात टाकला. नेमके त्या दिवशी सर लवकर आले. रिकाम्या खुर्चीकडं बघून भर व्हरांड्यात म्हणाले, "काय, मॅडम गेल्या वाटतं घरी?" दोघंतिघं हसले. दोन वीसला तुम्ही आलात, खुर्चीकडं पाहिलंत. "ॲप्रनला हात कोणी लावला?" मी म्हटलं, "मी, मॅडम. मळला होता." तुम्ही रागावला नाहीत. पुढं महिनाभर तुम्ही दीड वाजता खोलीत बसून, दार सताड उघडं ठेवून डबा खाल्लात. मी मात्र इस्त्री होऊन आलेला ॲप्रन बघून खूश होते.

पास झाले तेव्हा तुम्ही मला गुलमंडीतल्या तुमच्या शिंप्याकडून शिवून घेतलेले ॲप्रन दिलेत. दोन. मी विचारलं, "दोन कशाला, मॅडम?" तुम्ही फाइलीतून मान वर न करता म्हणालात, "दोन लागतात." एक धुवायला पडला की दुसरा, असा सरळ अर्थ मी लावला. बरीच वर्षं तसेच आलटून पालटून घातले.

तुम्ही गेलात तेव्हा छावणीतल्या तुमच्या घरी भेटायला आले. तुमची मुलगी माझ्यासमोर बसली होती, तुमच्यासारखीच ताठ. म्हणाली, "माझी शाळा सकाळची असायची ना. आई रोज दीडला घरी यायची. दोघी गरम पोळी खायचो, ती माझी वेणी घालायची अन् जायची." मी विचारलं, "काय बोलायच्या?" ती म्हणाली, "ती कुठं बोलायची? मीच बोलायचे, लई. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया दीडला येतात." मला राग आला, मॅडम. तिथंच, तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर. तुमच्या मुलीला ताप नव्हता, काही नव्हतं. नुसती पोळी गरम होती. मग ती हसून म्हणाली, "एकदा मात्र महिनाभर आलीच नाही. मी रुसून बसले, तर म्हणाली, ॲप्रन हरवलाय. मला काय कळणार?" तो महिना माझ्यामुळं गेला, हे मी तिला सांगितलं नाही.

तर प्रश्न असे. चाचांना तुम्ही सांगितलं होतंत की त्यांनी ओळखलं? मला सगळ्यांसमोर बोललात ते सर ऐकत होते म्हणून, की मी उघड उघड घरी जायची हिंमत केली म्हणून? आणि मी ॲप्रन उचलल्यावरसुद्धा मला दोन ॲप्रन का दिलेत? ती माफी होती की विद्या?

आता त्या खुर्चीत मी बसते. बिडकीनहून आईला आणलंय, पुंडलिकनगरच्या आमच्या घरी. तशी धडधाकट आहे. पण बाबा गेल्यापासून म्हणते, "एकटीच्यानं घास उतरत नाय, बाई." म्हणून दीड वाजता मी तिच्याशेजारी बसून जेवते. ती बोलते, मी ऐकते. जाताना दुसरा ॲप्रन खुर्चीवर असतो.

आज विभागातली एक लेक्चरर आली. बाळ सहा महिन्यांचं. दुपारी तासभर पाजायला जाऊ का, विचारताना खाली बघत होती. चपलेचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, ते गिळलं. म्हटलं, "जा. आणि चोरून नको, रजिस्टरमध्ये कारण लिहून जा." तिचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचा अभिमान वाटला. दारातून वळून ती म्हणाली, "मॅडम, काल हेच विचारायला दीडला आले होते. तुम्ही नव्हता. ॲप्रन होता खुर्चीवर."

मी म्हटलं, "वॉर्डात होते."

हे पत्र पाठवायचं कुठं, म्हणून घडी घालून त्याच ॲप्रनच्या खिशात ठेवते आहे. बाहीवर शाईचा डाग पडलाय. उद्या बुधवार, धोबी येईल. कोणी भोळेपणानं तो उचलला, तर मी रागावणार नाही, असं आत्ता तरी वाटतंय.