रजा मिळाली तरी

पाथर्डी तालुका,
९ सप्टेंबर २०२५

चि. अंगद यास ताईचे आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझा खोकला गेला का? तिकडे एव्हाना थंडी लागली असेल.

आधी एक बातमी सांगते. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेली पोरं ज्या हंगामी वसतिगृहात राहायची, ते यंदा उघडणार नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. भिमाजी गुरुजी आणि मी गेल्या आठवड्यात पंचायत समितीत जाऊन विचारून आलो. तिथले साहेब म्हणाले, वरून मंजुरीच नाही, सध्या पैसा सीमेकडे लागतो. मी म्हटलं, पोरांच्या जेवणाला असा किती लागतो? तेव्हा त्यांनी फायलीतून मान वर केली.

"बाई, तुमचा भाऊ फौजेत आहे म्हणता. मग त्याला बंदूक द्यायची, का तुमच्या पोरीला खिचडी? तुम्हीच सांगा."

आजूबाजूचे हसले. त्यांचं खरं की खोटं, मला कळायला मार्ग नाही. पण गोळी थोपवणारं नवं जाकीट मिळालं, जुन्यापेक्षा हलकं आहे, असं तू फोनवर म्हणालास, त्या दिवशी मी मोहटादेवीला नारळ बोलले होते. जाकीट नको असं कोणत्या तोंडाने म्हणू? आणि खिचडी नको असं तरी कसं म्हणू? परतताना एसटीत गुरुजींनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "सविताबाई, असा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरी दोन्ही असतं."

बाकी, शेळीला दोन करडं झाली. त्यातल्या एकाला माझ्या पंकजाने तुझं नाव ठेवलंय, कारण ते दिसेल त्याला धडका देतं. पंकजा नववीत गेली आणि उंचीला माझ्याबरोबर आली. वसतिगृहाला न्यायचं म्हणून तिने जुन्या पँटचं दप्तर शिवलंय. वसतिगृहाचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तू कधी कोपीवर राहिला नाहीस. आई गेल्यावर मी तुला मावशीकडे ठेवून उसाच्या फडावर जायचे. कोपी म्हणजे फडाशेजारी घातलेली पाचटाची खोप. तिला दार नसतं, पोत्याचा पडदा असतो. आम्ही अंधारात ऊस तोडायला निघालो की मागे कोण राहिलं, ते सगळ्यांना दिसतं. मागच्या हंगामात शेजारच्या टोळीतली एक पोरगी पाण्याला गेली आणि परतली नाही. तुझ्या दाजींनीच तिला कालव्याच्या काठावरून शोधून आणलं. ती तेव्हापासून बोलत नाही. दाजी अजून झोपेत उठून बसतात.

म्हणून मी त्यांना वाईट म्हणणार नाही. वसतिगृहाचं कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "लगीन झालेल्या पोरीकडं कुनी वाकड्या नजरेनं बगत न्हाई."

हे मी तुला पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं. शेळीचं सांगत बसले.

टोळी जमवणारा मुकादम सहादेव, त्याचा भाचा आहे. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या पोराला टोळीत कुणी घेत नाही. त्या पोराला बायको हवी, दाजींना पोरीला राखण हवी. पितर सरले की टोळीचा ट्रक निघायच्या आत घरच्या घरी उरकायचं ठरलंय. मांडव नाही, पत्रिका नाही, वाजंत्री नाही. वय लपवायचं म्हणून.

अडलंय ते तुझ्यावर. सासूबाईंच्या थोरल्या लेकीला बोहल्यावर न्यायला सख्खा मामा नव्हता. चुलत मामा उभा केला, आणि ती वर्षाच्या आत पांढऱ्या कपाळाने माघारी आली. तेव्हापासून सासूबाईंनी मनात धरलंय. परवा मुकादमालाही तोंडावर म्हणाल्या, "नवरदेवाला उशीर झाला तर थांबू, पन सख्खा मामा पायजेच." हसू नकोस. त्या म्हातारीच्या भीतीवर माझी सगळी भिस्त आहे.

रविवारी तू रजा बहुतेक मिळेल म्हणालास. फोन दाजींच्या हातात होता, स्पीकरवर होता. पंकजाने टाळ्या वाजवल्या. दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "बग, देवानंच जुळवलं." मी भाकरी तव्यावर टाकून बाहेर गेले. मे महिन्यात तिकडे तोफा चालल्या, तुझा फोन लागेना, तेव्हापासून रोज दिवा लावताना मी तुझी रजाच मागत आले आहे.

बालविवाहाची खबर द्यायचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवलेला आहे. तो मला पाठ आहे. तो लावला तर दाजींना पोलीस नेतील. तू आलास तर तो लावावाच लागेल, आणि तेव्हा माझा हात उचलेल की नाही, याची मला खात्री नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

मुलींच्या निवासी शाळेत दिवाळीनंतर जागा मिळण्यासारखी आहे, गुरुजी खटपट करताहेत. तोवर तिला ठेवून घ्यायला त्यांच्या घरच्या बाई तयार आहेत. दाजी म्हणतात, परक्याच्या घरी पोर ठेवली तर लोक तोंडात शेण घालतील. पण ट्रक दारात उभा राहिला आणि लग्न झालेलं नसलं, तर कोपी की गुरुजींचं घर, एवढंच उरेल. कोपीत ते तिला नेणार नाहीत. मी त्यांना ओळखते.

पितर सरले की दाजी तुला फोन लावतील. लग्नाचं सांगतील, कधी येतोस ते विचारतील. स्पीकर चालू असेल. भांडू नकोस, नाहीतर मी कळवल्याचं त्यांना समजेल. रजा रद्द झाली, सगळ्यांचीच झाली, एवढंच सांग. सासूबाई कपाळाला हात लावतील. पंकजा रडेल. मीही रडेन, आणि ते खोटं नसेल.

ते जाकीट अंगावरून उतरवू नकोस.

जन्मात पहिल्यांदा तुझी वाट न पाहणारी,
ताई